साक्ष आणि सत्त्वपरीक्षा : पंडिता रमाबाईंच्या दुष्काळकथनाचे दोन काळ

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे औसा तालुक्यातील किल्लारी आणि आसपासची गावे भूकंपाने जमीनदोस्त झाली. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. गणपतीचे विसर्जन करून माणसे घरोघर येऊन निजली होती. दगडमातीच्या रुंद भिंती आणि त्यांवरची माळवदे ह्यांनी पिढ्यान् पिढ्या उन्हाळ्यात गारवा दिला होता, तीच अंगावर आली. लातूर आणि उस्मानाबाद ह्या दोन जिल्ह्यांत मिळून सरकारी नोंदीप्रमाणे जवळजवळ आठ हजार माणसे गेली. त्यानंतर 'हे आमच्याच वाट्याला का?' हा प्रश्न विचारला जाणे अपरिहार्य होते आणि त्याचे उत्तर देण्यासाठी लागणारे शब्दही ह्या प्रदेशाच्या भाषेत तयार होते. भोग, प्रारब्ध, कोप, सत्त्वपरीक्षा. वीरनाथ महाराजांच्या परंपरेतील नाथ संस्थान आणि तेथील चक्रीभजन ह्यांमुळे औसा हे गाव वारकरी जगात ओळखले जाते. तेथील श्रोत्याला हरिश्चंद्र आणि चिलया ह्यांच्या कथा नव्याने सांगाव्या लागत नाहीत. ह्या शब्दांनी माणसाला धीर दिला नाही, असे म्हणणे उथळपणाचे होईल. परंतु ते सारे शब्द आपत्तीच्या मागे पाहतात; तिच्या कारणाची सोय लावतात. वाचलेल्या माणसाने आता काय करावे, ह्या प्रश्नाकडे ते क्वचितच वळतात.

मराठीत ह्या दुसऱ्या प्रश्नाला सामोरे जाणारे एक वेगळे आत्मपर लेखन एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात निर्माण झाले. ते ख्रिस्ती लेखन होते आणि त्याचे स्वतःचे नाव 'साक्ष' असे होते. मराठी समीक्षेने ह्या लेखनाचा विचार बहुधा धर्मांतराचा इतिहास म्हणून किंवा समाजसुधारणेची कागदपत्रे म्हणून केला. आपत्तीला अर्थ देण्याची एक कथनपद्धती म्हणून त्याकडे पाहिले तर पंडिता रमाबाईंचे लेखन मध्यभागी येते. औसा ज्या निजामी मुलखात आणि गुलबर्गा सुभ्यात मोडत होते, त्याच सुभ्याच्या ठाण्याच्या गावी, गुलबर्ग्याला, रमाबाईंनी आपल्या अखेरच्या दशकात मुलींची शाळा काढली. तेव्हा ह्या लेखनाला मराठवाड्यातून पाहणे म्हणजे पुण्यामुंबईचा एक विषय उचलून दूर नेणे नव्हे.

'साक्ष' हा शब्द मराठीत मुळात चावडीवरचा आणि न्यायसभेतला. वेदान्ताच्या परिभाषेत त्याच धातूतून आलेला 'साक्षी' हा सुखदुःखाने न लिंपणारा, केवळ पाहणारा असतो. ख्रिस्ती परिभाषेत अर्थ अगदी उलट होतो. नव्या करारातील ग्रीक शब्द 'मार्तुस' साक्षीदाराचा वाचक आहे आणि पुढे तोच शब्द हुतात्म्याचा वाचक झाला. ही साक्ष देणाऱ्याला घटना लागलेली असते. किंबहुना ती लागली नसेल तर साक्ष देण्याचा अधिकारच राहत नाही. पुराणिकाच्या घरात वाढलेल्या रमाबाईंच्या लेखनात हे दोन अर्थ एकमेकांना भेटतात. प्रस्तुत विवेचनाचा रोख त्या भेटीवर आहे.

रमाबाईंचा जन्म १८५८ चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे ह्यांनी पत्नीला आणि मुलीला संस्कृत शिकविले, ही गोष्ट वारंवार सांगितली जाते. तीर्थोतीर्थी पुराणे वाचावीत, दक्षिणा मिळेल तीवर राहावे, उरलेले दानधर्मात घालावे असा ह्या कुटुंबाचा क्रम होता. १८७० नंतरच्या दक्षिणेतील दुष्काळात हा क्रम तुटला. दक्षिणा थांबली, हाताने काम करण्याची सवय नव्हती आणि भीक मागणे लाजिरवाणे वाटत होते. होते नव्हते ते विकून देवांना आणि ब्राह्मणांना देऊन झाल्यावर हे कुटुंब तिरुपतीच्या रानात शिरले आणि अकरा दिवस पाणी, पाला आणि मूठभर रानखजूर ह्यांवर राहिले. अंध आणि वृद्ध अनंतशास्त्र्यांनी जलसमाधी घेण्याचे ठरविले. त्या क्षणी थोरला मुलगा श्रीनिवास म्हणाला की जातीचा अभिमान सोडून आपण मजुरी करू. पण मजुरीलाही अंगात बळ लागते. १८७४ मध्ये वडील गेले, मागोमाग आई, नंतर थोरली बहीण. आईच्या प्रेताला खांदा देण्यास माणसे पुरेना. तेव्हा रमाबाईंनाही ते उचलावे लागले, आणि उंची कमी असल्यामुळे त्यांनी आपल्या बाजूचा भार डोक्यावर घेतला.

हा वृत्तान्त रमाबाईंनी लिहिला तो मात्र घटनेनंतर वीसहून अधिक वर्षांनी, १८९७ मध्ये, इंग्रजीत, आणि दुसऱ्या एका दुष्काळाच्या निमित्ताने. ही कालरचना नीट लक्षात घ्यायला हवी. १८८२ चे 'स्त्रीधर्मनीति', १८८७ चे उच्चवर्णीय हिंदू स्त्रीवरील इंग्रजी पुस्तक, १८८९ चे अमेरिकेचे प्रवासवृत्त ह्या पुस्तकांची आच स्वतःच्या उपासमारीवर नाही. ती आठवण होती, पण तिला सांगण्याजोगे रूप नव्हते. १८९६-९७ मध्ये मध्य प्रांतात दुष्काळ पडला, अनाथ मुली आणि बालविधवा रस्त्यावर आल्याची वार्ता पुण्यास पोचली, आणि रमाबाई तिकडे निघाल्या. ह्या वेळी जे दिसले त्यामुळे पहिल्या दुष्काळाचे कथन शक्य झाले. एरवी आत्मचरित्रात भूतकाळ वर्तमानाचे कारण म्हणून येतो. येथे वर्तमानातील एका दृश्याने भूतकाळ वाचनीय होतो.

धर्मांतरानेच हे घडले असते तर ते १८८३ नंतर लगेच घडायला हवे होते. त्या वर्षीच्या सप्टेंबरात इंग्लंडमधील वाँटेज येथे रमाबाईंचा बाप्तिस्मा झाला. १९०७ च्या आपल्या साक्षीत मात्र त्या स्पष्टपणे सांगतात की त्या वेळी आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त सापडला नव्हता. ती प्रचीती आठ वर्षांनी, १८९१ च्या सुमारास आली. मधल्या काळात शारदासदन निघाले, मुंबईहून पुण्यास आले. १८९३ च्या वादात रानडे आणि भांडारकर ह्यांच्यासारखे सल्लागार दूर झाले. म्हणजे बाप्तिस्मा, प्रचीती आणि कार्याचा अर्थ हे तीन टप्पे एकमेकांपासून बरेच लांब आहेत. श्रद्धा आली आणि दुःखाचा उलगडा झाला, ही भाविक चरित्रकारांची सरळ रेषा मूळ लेखनात नाही.

त्याच साक्षीत एक कडवट हिशेबही आहे. आईवडिलांच्या मृत्यूनंतर बहीणभाऊ पायी उत्तरेकडे गेले. काश्मीरकडच्या प्रवासात झेलमच्या काठी थंडी चुकविण्यासाठी त्यांनी थडग्यासारखे दोन खड्डे खणले आणि अंगावर वाळू ओढून त्यांत रात्र काढली. शास्त्रांत सांगितलेली व्रते, उपवास, तीर्थे, दाने सर्व झाली होती आणि देव प्रसन्न झाला नव्हता. सत्त्वपरीक्षेच्या कथेची सारी सामग्री ह्या कुटुंबाजवळ होती. कमी होता तो शेवट. हरिश्चंद्राला राज्य परत मिळते, चांगुणेने कांडलेला चिलया हाक मारताच धावत येतो. बायबलातील ईयोबालाही गुरेढोरे दुपटीने मिळतात आणि नवी मुलेबाळे होतात, जरी मेलेली मुले परत येत नाहीत ह्याकडे भाविक वाचक फारसे पाहत नाहीत. सत्त्वपरीक्षेचा करार असा की जे घेतले ते भरून दिले जाईल. रमाबाईंच्या बाबतीत कोणीही परत आले नाही. उलट १८८० मध्ये ढाक्याला भाऊ गेला आणि १८८२ मध्ये, लग्नाला दोन वर्षे पुरी होण्याआधी, पती बिपिनबिहारी मेधावी कॉलऱ्याने गेले.

म्हणून १८९७ मध्ये जे घडते त्याला भरपाई म्हणता येत नाही. मध्य प्रांतातून सुमारे तीनशे मुली रमाबाईंनी आणल्या. पुण्यात प्लेगच्या बंदोबस्तामुळे त्यांना ठेवता येईना, तेव्हा दौंडच्या वाटेवरील केडगाव येथे आधी घेतलेल्या जमिनीवर राहुट्या ठोकल्या. मुक्तिसदन उभे राहिले ते असे, नाइलाजाने. गेलेल्या माणसांच्या जागी ती माणसे न येता परक्यांच्या मुली येतात. त्यांची भूक रमाबाई ओळखू शकतात, कारण ती त्यांना आतून माहीत आहे. दुःखाला हेतू मिळाला असे म्हणायचे तर तो एवढ्याच अर्थाने. त्याचे कारण सापडले नाही, फळही मिळाले नाही. ते दुसऱ्याचे दुःख ओळखण्याचे साधन झाले. ह्या ओळखीला ईश्वराची योजना म्हणण्याची भाषा ख्रिस्ती श्रद्धेने दिली. सत्त्वपरीक्षेच्या कथेत जी जागा भरपाईची असते, ती साक्षीच्या कथेत ह्या कामाची आहे.

ह्या संदर्भात वडिलांच्या मृत्यूचा प्रसंग पुन्हा वाचावा लागतो. मरणाऱ्या अनंतशास्त्र्यांनी धाकट्या मुलीला कवटाळून सांगितले की मी तुला आपल्या देवाच्या हाती दिले आहे, तू त्याचीच आहेस आणि जन्मभर त्याचीच सेवा कर. हे सांगणारा वैष्णव पुराणिक होता. हे लिहिणारी स्त्री ख्रिस्ती आहे आणि बहुतांश परदेशी ख्रिस्ती वाचकांसाठी लिहीत आहे. त्या वाचकाची अपेक्षा उघड होती : मूर्तिपूजक बाप अंधारात मेला. रमाबाई ती अपेक्षा अर्धीच पुरी करतात. वडिलांना खरा देव ठाऊक नव्हता हे त्या नोंदवितात, पण लगेच म्हणतात की अज्ञात देवाची सेवा त्यांनी सर्व अंतःकरणाने केली. अथेन्समधील अज्ञात देवाच्या वेदीचा पौलाने केलेला उल्लेख येथे कामी आला आहे. बापाचे वाक्य खोटे ठरत नाही. ते एका श्रद्धेतून दुसऱ्या श्रद्धेत जसेच्या तसे नेले जाते आणि तेथे पाळले जाते. ज्या लेखनाला 'धर्मत्याग' म्हणून हिणवले गेले त्याच्या केंद्रस्थानी पित्राज्ञेचे पालन असावे, हे त्या काळच्या टीकाकारांच्या लक्षात आले नाही. १८८५ च्या 'सत्सारा'त महात्मा फुल्यांनी रमाबाईंची बाजू घेतली ती वेगळ्या, सामाजिक भूमिकेवरून.

पहिल्या दुष्काळाने शिकविलेली आणखी एक गोष्ट केडगावच्या रचनेत दिसते आणि ती कोणत्याही प्रार्थनेइतकी महत्त्वाची आहे. डोंगरे कुटुंब उपाशी राहिले त्याचे एक कारण त्यांना काही करता येत नव्हते. पाठांतर होते, हुन्नर नव्हता. केडगावात शेती, दूधदुभते, माग, तेलघाणा, छापखाना हे सर्व मुलींच्या हाती दिले गेले. १९०० च्या गुजरातेतील दुष्काळानंतर तेथे राहणाऱ्यांची संख्या दोन हजारांच्या घरात गेली. एवढी वस्ती निव्वळ देणग्यांवर चालत नाही. श्रीनिवासने रानात काढलेले, पण उशिरा आलेले 'मजुरी करू' हे शब्द येथे वेळेवर अमलात आले असे म्हणता येईल. १९०५ च्या धार्मिक जागृतीचे वर्णन करणारे ग्रंथ ह्या घाण्यांकडे आणि मागांकडे सहसा पाहत नाहीत. ते दोष लेखकांचे. रमाबाईंना ह्या दोहोंत फारसा भेद वाटत नसावा.

साक्षीच्या ह्या रूपाला मर्यादा नाहीत असे नाही. साक्ष ही एकवचनी असते. तीनशे मुलींची भूक एका स्त्रीच्या स्मृतीतून वाचकापर्यंत पोचते. त्या मुली स्वतः फार थोडे बोलतात आणि बोलतात तेव्हा देणगीदार वाचकाला परिचित अशा साच्यात बोलतात. दुष्काळ का पडला, धान्य असताना ते कोठे गेले, शेतसाऱ्याचा वाटा किती, असे प्रश्न ईश्वरी योजनेच्या भाषेत मावत नाहीत. परंतु येथेही घाईने निकाल देता येत नाही. सरकारी दुष्काळी कामांवर आणि अन्नछावण्यांत तरुण मुलींची जी विटंबना होत होती ती रमाबाईंनी उघडपणे लिहिली. १८९७ च्या मे महिन्यात पुण्यातील प्लेगच्या इस्पितळात स्त्रियांना मिळणाऱ्या वागणुकीबद्दल त्यांनी 'बॉम्बे गार्डियन'मध्ये जे पत्र लिहिले त्याचे पडसाद ब्रिटिश पार्लमेंटपर्यंत गेले आणि लोकमान्यांच्या 'केसरी'नेही त्याची दखल घेतली. साक्ष ह्या शब्दाचा चावडीवरचा अर्थ येथे जागा होतो. सत्तेसमोर उभे राहून 'मी पाहिले' असे म्हणणे हे ख्रिस्ती साक्षीच्या आत्मिक अर्थापासून तुटलेले नाही.

साक्षीचे दुसरे एक रूप मराठवाड्यातच, जालन्याजवळ, आधीच आकाराला येत होते. रेव्हरंड नारायण शेषाद्री ह्यांनी सालारजंगांच्या काळात निजाम सरकारकडून मिळालेल्या जमिनीवर 'बेथेल' नावाची वस्ती वसविली, ती मुख्यतः मांग आणि महार समाजांतून आलेल्या ख्रिस्ती कुटुंबांची. ब्राह्मण कुळातील एकट्या धर्मांतरिताचे दुःख आणि गावकुसाबाहेरच्या समूहाचे दुःख ह्यांत मूलभूत अंतर आहे. पहिल्याला घर सोडावे लागते. दुसऱ्याला कधी नव्हते ते घर, विहीर आणि शेत मिळण्याची आशा असते. बाबा पदमनजींचे 'अरुणोदय' (१८८८) हे पहिल्या प्रकारचे पुस्तक : तेथे श्रद्धा हेच दुःखाचे कारण आहे, कारण तिच्यामुळे आईबाप दुरावतात. बेथेलच्या रहिवाशांनी असे पुस्तक मागे ठेवले नाही. लेखन ज्यांच्या हाती होते त्यांच्याच दुःखाला मराठीत हेतू मिळाला, हे साहित्याच्या इतिहासकाराने विसरू नये.

लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रां'शी (१९३४ पासून) तुलना केली की रमाबाईंच्या लेखनाचा स्वभाव अधिक स्पष्ट होतो. नारायण वामन टिळक १८९५ मध्ये ख्रिस्ती झाले. लक्ष्मीबाई पाच वर्षांनी. मधला ताटातुटीचा काळ कोणत्याही मापाने दारुण आहे. पण लक्ष्मीबाई त्याला योजना म्हणत नाहीत. चुलीपाशी, पाण्यापाशी, सोवळ्याच्या वळणीपाशी काय बदलले ते सांगतात आणि स्वतःवर हसतात. त्यांच्याकडे दुःखाचा हेतू सापडत नाही. दुःखातून बाहेर आलेली एक माणूसपणाची समज सापडते आणि ती श्रद्धेच्या पोटात कधी गेली हे वाचकाला कळतही नाही. मराठी वाचकाने लक्ष्मीबाईंना आपले मानले आणि रमाबाईंना आदराने दूर ठेवले, ह्याचे एक कारण ह्या हसण्यात असावे. रमाबाईंचे लेखन हसत नाही. दोन दुष्काळ पाहिलेल्या माणसाकडून तशी अपेक्षा करणे हाही एक प्रकारचा अन्यायच.

किल्लारीच्या संदर्भात हे सर्व वाचताना एक साम्य नजरेत भरते. १९९३ च्या भूकंपानंतर भारतीय जैन संघटनेने भूकंपग्रस्त गावांतील सुमारे बाराशे मुले शिक्षणासाठी पुण्याजवळ वाघोलीला नेली. धर्म वेगळा, शतक वेगळे, दिशा तीच : आपत्तीच्या प्रदेशातून पुण्याच्या परिसराकडे. केडगावच्या मुलींप्रमाणेच ह्या मुलांच्याही वाट्याला दुसऱ्या कोणाच्या तरी श्रद्धेने दिलेला हेतू आला. तो त्यांनी आपला कसा केला, नाकारला की बदलला, हे आता चाळिशीकडे गेलेली वा ती ओलांडलेली ती माणसेच सांगू शकतील. ते सांगणे सत्त्वपरीक्षेच्या भाषेत येईल की साक्षीच्या, ह्यावर ह्या प्रदेशाच्या आत्मपर लेखनाचे पुढचे वळण अवलंबून आहे.

रमाबाईंची छापील साक्ष १९०७ ची. तिच्यानंतर पुढची चौदा वर्षे त्यांनी मुख्यतः एका कामाला दिली : मूळ हिब्रू आणि ग्रीक भाषांवरून संपूर्ण बायबलाचे मराठी भाषांतर. विद्वानांसाठी नव्हे, तर केडगावातल्या मुलींसारख्या अल्पशिक्षित वाचकांसाठी ते असावे आणि हिंदू धर्मकल्पनांशी जखडलेले संस्कृत शब्द त्यात टाळावेत, असा त्यांचा आग्रह होता. संस्कृतातील पांडित्यासाठी 'सरस्वती' ही पदवी मिळालेल्या स्त्रीने तीच भाषा शब्द शब्द मागे सारत जावी, हा प्रयत्न नेहमी यशस्वी झाला असे नाही. पुष्कळ ठिकाणी वाक्यरचना मूळ भाषांच्या ओझ्याखाली अवघडते. खिळे जुळविण्याचे आणि छपाईचे काम मुक्तिसदनातल्या स्त्रियांनी केले. गुलबर्ग्याच्या शाळेची जबाबदारी कन्या मनोरमाबाईंवर होती. केडगावचे कामही पुढे त्यांच्याकडेच जायचे होते. २४ जुलै १९२१ रोजी चाळिशीतच मनोरमाबाई गेल्या. १९०७ च्या साक्षीत ह्या मृत्यूला जागा असणे शक्यच नव्हते, आणि योजनेच्या भाषेत तो कसा बसविला गेला असता ह्याचा तर्क करण्यात अर्थ नाही. अखेरची मुद्रिते तपासून झाली त्याच रात्री रमाबाईंनी प्राण सोडला, असे चरित्रकार सांगतात. ते शब्दशः खरे असो वा नसो, ५ एप्रिल १९२२ ह्या तारखेबद्दल वाद नाही. भाषांतर छापून बाहेर आले ते १९२४ मध्ये. त्यातले ईयोबाचे पुस्तकही त्याच खिळ्यांनी जुळविलेले आहे, आणि ज्यांनी ते जुळविले त्या स्त्रियांपैकी काही जणी मध्य प्रांतातून आणि गुजरातेतून उपाशीपोटी आलेल्या होत्या.